हा झटका नव्हता

६ मार्च, गुरुवार

अतिदक्षता विभागातल्या सिस्टर म्हणाल्या, रोजचं थोडं थोडं लिहून ठेवा. शुद्धीवर आल्यावर पेशंटला हे मधले दिवस आठवत नाहीत, मग विचारत बसतात. त्या ‘आल्यावर’ म्हणाल्या, ‘आल्या तर’ म्हणाल्या नाहीत, म्हणून लिहायला बसलो. एरवी शिलाई मशीनच्या दुरुस्तीच्या वहीत ‘पट्टा बदलला, तेल दिलं’ यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. ही तीच वही, मागच्या बाजूने.

तर ऐक. मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास तू स्वयंपाकघरात पडलीस. हृदय बंद पडलं होतं. माझी हाक ऐकून वरच्या मजल्यावरच्या कोच धावत खाली आल्या. पोहायला शिकवायच्या तेव्हा हे शिकल्या होत्या म्हणे. तुझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिल्या, घामाने निथळल्या तरी थांबल्या नाहीत. मी फोनवर पत्ता सांगत होतो आणि आपल्याच घराचा नंबर चुकीचा सांगितला. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी दोनदा शॉक दिला. दुसऱ्या शॉकला हृदय चालू झालं.

तेव्हापासून तू डोळे उघडलेले नाहीस. श्वास मशीन देतंय. आणि काल दुपारपासून तुझं अंग उडतंय. खांदे, हनुवटी, पापण्या. माणूस दचकतो तसं, पण दचकायला काही नसताना. दर पाच-सात सेकंदांनी. मी मोजलं.

७ मार्च, शुक्रवार

लेक आली. रात्रभर प्रवास करून तशीच बॅग घेऊन दवाखान्यात. आईचं अंग उडताना पाहिलं आणि मला म्हणाली, “बाबा, आई हलतेय! म्हणजे बरं आहे ना?” मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की हे चांगलं लक्षण नाही. हृदय बंद होतं तेवढा वेळ मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. बेशुद्ध माणसाला इतक्या लवकर असे झटके सुरू झाले की बहुतेक वेळा मेंदूची मोठी हानी झालेली असते. हे सगळं बोलताना ते भिंतीवरच्या हात धुवायच्या सूचनेकडे बघत होते.

संध्याकाळी मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, पायात कापडी बूट, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्या म्हणाल्या, “नुसते झटके बघून निकाल लावायचा नसतो. झोपेचं औषध अंगातून उतरू दे. मेंदूचा आलेख काढू, मग बोलू.”

लेक बाकावर बसून फोनवर वाचत राहिली. वाचून झाल्यावर फोन पालथा ठेवला. मी विचारलं नाही काय वाचलंस ते.

८ मार्च, शनिवार

हे पान तुला दाखवायचं नाही. म्हणून आजपासून ‘तू’ लिहिणंच बंद.

तिच्या-माझ्यात पाच दिवस अबोला होता. ती गणवेशाच्या कारखान्यात कापणी बघते, अठ्ठावीस वर्षं. तिथे तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. त्या कारखान्याची मशीनं मीच दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात मालकांशी बोलता बोलता मी सांगून टाकलं की ही आता सहा महिन्यांत काम सोडेल, गुडघे दुखतात तिचे. गुडघे दुखतात हे खरं. पण तिला विचारलं नव्हतं. तिला ते मालकांकडून कळलं. त्या दिवशी घरी येऊन तिने एवढंच विचारलं, “माझं तोंड बंद झालंय का, की माझ्या वतीने तुम्ही बोलावं?” आणि खरंच तोंड बंद केलं.

मंगळवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत एका मशीनचं डोकं उघडून बसलो होतो. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. मी म्हटलं, आपटतेय भांडी. आपट. आणखी एक आपट. मी हातातला स्क्रू बसवला. दुसराही बसवला. मग नळाचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलेलं दिसलं तेव्हा उठलो.

दोन स्क्रू बसवायला मला किती वेळ लागतो ते मला पक्कं माहीत आहे. तीन मिनिटं तरी गेली.

१० मार्च, सोमवार

आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर रुमालांचा खोका. तो पाहूनच लेकीला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. औषध अजून पुरतं उतरलेलं नाही. मेंदूचा आलेख वाईट आहे, पण सपाट नाही. टाळी वाजवली की त्यात थोडा बदल होतो. अशा पेशंटपैकी बरेच जण उठत नाहीत. थोडे उठतात.

लेक म्हणाली, “आईला असं पडून राहणं चाललं नसतं. ती स्वतःच म्हणायची, मला कुणाच्या हातून पाणी प्यायची वेळ येऊ नये.”

हे खरं आहे. माझ्यासमोरच म्हणाली होती.

मी म्हटलं, “थांबू या.”

“किती दिवस, बाबा?”

“थांबू या.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी आठवडाभर थांबायला वैद्यकीय कारण आहे. लेकीने माझा हात धरला. तिला वाटलं बाबांना आशा आहे. आशा वगैरे काही नाही. पाच दिवसांच्या अबोल्यावर हे सगळं संपू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्यासाठी हवं होतं, तिच्यासाठी नाही. हे मी कुणाला सांगणार?

१३ मार्च, गुरुवार

झोपेचं औषध पुरतं उतरून दोन दिवस झाले. झटक्यांचं औषध वाढवलंय. आता अंग सतत उडत नाही, मधूनमधून उडतं.

आज सिस्टर म्हणाल्या, “गंमत बघा काका, तुम्ही नसता तेव्हा यांचा उजवा हात बऱ्यापैकी शांत असतो. तुमचा आवाज आला की उडायला लागतो.”

खरंच तसं होतं. एरवी मी उजवीकडेच असतो. डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो तर डावा हात उडायला लागला. मी काय समजायचं ते समजलो. राग बेशुद्धीतही जात नसावा. उद्यापासून पायाशी उभा राहीन, बोलणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

डोळे उघडले. लेकीने डावीकडून उजवीकडे जाऊन पाहिलं, नजर तिच्या मागून गेली. “आई, अंगठा वर कर,” म्हटलं तर अख्खा हात खांद्यापासून उडाला आणि सलाईनची नळी निसटली. सिस्टर धावल्या. पण डॉक्टरीणबाई हसत होत्या. “केला ना प्रयत्न! अंगठा म्हटलं तर हात हलला, पाय नाही.”

घरी आलो आणि बूट न काढताच पलंगावर पडलो.

१७ मार्च, सोमवार

घशातली नळी काढली. पहिला शब्द सिस्टरना. “उशी.” उशी तिरकी होती. दुसरा लेकीला, “जेवलीस?”

माझ्याकडे बघितलं. हनुवटी उडाली, दोन्ही खांदे उडाले, शब्द आलाच नाही. मी म्हटलं, “राहू दे, त्रास करून घेऊ नकोस,” आणि बाहेर आलो.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी वेळ काढून समजावलं. म्हणाल्या, सुरुवातीला एकसारखेच दिसतात, पण झटके दोन तऱ्हांचे असतात. एक, ज्यात माणूस परत येत नाही. दुसरे, ज्यात माणूस परत येतो आणि झटके मागे उरतात. हिचे दुसरे. बुद्धी शाबूत आहे, आठवण बरीचशी आहे. पण हात-पाय हलवायचे म्हटलं की उडतात. नुसती पडून असेल तर काही नाही. “जितकं मनापासून काही करायला जातील तितका झटका मोठा. अचानक आवाज झाला तरी. आणि चालताना पायातला जोर क्षणभर एकदम जातो, तेव्हा पडतात.”

औषध आयुष्यभर लागेल. हळूहळू कमी होईल, पूर्ण जाईल असं नाही.

मी सगळं लिहून घेतलं. लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती बुधवारीच परत गेली आहे. ‘जितकं मनापासून’ या वाक्याशी तिने मला थांबवलं. “बाबा, त्या सिस्टर काय म्हणाल्या होत्या, तुमचा आवाज आला की हात उडतो म्हणून?”

मी म्हटलं, “हो, म्हणूनच तर मी आता पायाशी उभा राहतो.”

ती म्हणाली, “बाबा, उद्या उजव्या बाजूला उभे राहा. माझं ऐका.”

का, ते सांगितलं नाही. या पोरीचं हे नेहमीचंच.

७ एप्रिल, सोमवार

घरी आणलं. एकच जिना, पण वीस मिनिटं लागली. चौथ्या पायरीवर गुडघे एकदम मोडले, रबरी बाहुलीसारखी खाली बसली. कोच पुढे होत्या, मी मागे. तिघंही घामाघूम.

मी तयारी करून ठेवली आहे. दाराच्या घंटीची वायर काढली. फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात. भांड्यांखाली फडकी. दरवाजांना फोमच्या पट्ट्या. घड्याळ टिकटिक करतं म्हणून तेही बाहेर. घरात आता टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि ऐकू आली तर हिचं अंग उडेल, म्हणून टाचण्याही उचलून ठेवल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

सात वाजता तोंड धुणं, साडेसातला औषध, आठला भरवणं. मी भरवतो. तिने घास घेतला तर अर्धा घास केसात. पहिल्या दिवशी चहाचा कप स्वतः उचलला तर चहा पंख्यापर्यंत गेला. तिला हसू आलं, हसण्याने आणखी उडाली, उरलेला चहा माझ्या अंगावर. तेव्हापासून कप तिच्या हाती देत नाही.

व्यायामाच्या बाई एक दिवसाआड येतात. मी लोखंडी वायसर कापडात शिवून मनगटाला बांधायचा पट्टा केला होता, वजनाने हात खाली राहील म्हणून. बाईंनी तो सोडून टेबलावर ठेवला. “छान शिवलाय काका. पण याने त्या नुसत्या दमतील.” आणि म्हणाल्या, “त्यांना करू द्या. सांडू द्या.”

सांडलेलं कोण पुसणार ते नाही म्हणाल्या.

पाठ दुखते. दाढी केलेली नाही. सकाळी कोच डबा ठेवून गेल्या, तर आभार मानायचे सोडून ‘झाकण आपटू नका’ म्हणालो त्यांना.

२४ एप्रिल, गुरुवार

ती फारशी बोलत नाही. बोलायला गेली की आवाजही तुटतो, शब्दाचे तुकडे पडतात. मी तुकडे जुळवून वाक्य पूर्ण करून देतो. बहुतेक बरोबर असतं. ती डोळे मिटून घेते. दमत असणार.

४ मे, रविवार

आज मालकांचा फोन आला. कपाटातून काढून बोललो. विचारपूस केली, मग म्हणाले, नवीन कापणी करणारा ठेवलाय, पण तात्पुरता. मास्तरीणबाईंचं काय ते कळवा.

मी म्हटलं, “आता कसलं काय. ती काही आता येत नाही. तुम्ही त्या माणसाला कायम करून टाका.”

फोन ठेवला. ती समोरच खुर्चीत होती. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा प्लास्टिकचा मग. तो आला आणि माझ्या कानशिलावर बसला. पाणी शर्टात.

मी म्हटलं, “असू दे, असू दे. झटका आला.”

ती म्हणाली, “हा. झट. का. नव्ह. ता.”

एवढं स्पष्ट दोन महिन्यांत काही बोलली नव्हती.

मी फरशी पुसली. काय चुकीचं बोललो ते मला कळत नाही. कात्री धरता येत नाही, उभं राहता येत नाही. मी खोटं काय सांगितलं? दिवसभर तिने माझ्या हातून काही खाल्लं नाही. स्वतः खाल्लं. पाऊण तास लागला. साडीवर, जमिनीवर, भिंतीवर. मी पुसायला उठलो की माझ्याकडे अशी बघायची की मी परत बसायचो.

५ मे, सोमवार

झोप आली नव्हतीच. सकाळी औषध देताना कानशील दुखलं आणि एकदम माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं सांगितलं. भांड्याचा आवाज, ‘आपट’ म्हटलेलं, दोन स्क्रू, उंबऱ्यावरून आलेलं पाणी. म्हटलं, “तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत तुझं हे झालं असेल. मी तेव्हाच उठलो असतो तर तू आज कात्री धरत असतीस.”

ती ऐकत होती. हात मांडीवर, अजिबात हलत नव्हते.

मग म्हणाली. तुकडे मी जुळवले नाहीत, तिनेच पूर्ण केलं, तसं लिहितो. “त्याच्या आधीच्या रविवारपासून छातीत दुखत होतं. डावा हात जड झाला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलत नव्हते ना.”

आणि ती हसायला लागली. आधी मला कळेना की हसतेय की झटका. खांदे, मान, पाय, खुर्ची सगळंच उडायला लागलं. मी खुर्ची धरून ठेवली. मग मलाही आवरेना. दोघं मिळून वेड्यासारखे हसत सुटलो. वर कोचना वाटलं काहीतरी झालं, त्या धावत आल्या आणि आम्हाला बघून दारातच उभ्या राहिल्या.

कोच गेल्यावर ती म्हणाली, “मालकांना फोन लावा. मी बोलते.”

लावला. ‘मी येणार आहे’ या एका वाक्याला पाच मिनिटं. मध्ये एकदा मी शब्द सुचवायला तोंड उघडलं, तिने बोट वर केलं. बोट कुठल्या कुठे उडालं, पण मला समजलं.

११ मे, रविवार

सराव चालू आहे. खुर्चीतून उठणं, धरून चार पावलं, बसणं. मी जवळ उभा राहिलो की व्यायामाच्या बाई मला भाजी आणायला पाठवतात. दोनदा भाजी आणली आज.

१९ मे, सोमवार

कारखान्यात नेलं. मी डॉक्टरीणबाईंना आधी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, “पडायची तयारी ठेवा आणि न्या.”

मी मालकांना सांगून ठेवलं होतं की ती येईल तेव्हा सगळी मशीनं बंद ठेवा. आम्ही आत शिरलो तर खरोखर चिडीचूप. चाळीस बायका मशीनवर हात ठेवून बघत होत्या. कुणाच्या तरी हातून कात्री टेबलावर पडली आणि त्या आवाजाने हिचं अंग असं उडालं की मी आणि मालक दोघांनी मिळून सावरली. सगळ्या बायकांचे चेहरे पडले. एकीने तर पदर तोंडाला लावला.

ती खुर्चीत बसली. श्वास घेतला. म्हणाली, “मशीन. चालू. करा.”

मी मालकांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ती माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणाली, “चालू.”

एकदम चाळीस मशीनं. पहिल्या आवाजाला तिचं सगळं अंग उडालं. मी उठणार होतो. मग पुन्हा उडालं, पण कमी. दहा मिनिटांनी पाहिलं तर हात मांडीवर शांत पडलेले, बोटं तेवढी अधूनमधून हलत होती. घरी एक चमचा वाजला तरी ती उडते आणि इथे एवढ्या गदारोळात इतकी शांत. हे काय ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

नवीन कापणीवाल्याने कापडाचे थर पसरून वर पुठ्ठ्याचे साचे मांडले होते. भला माणूस आहे. तिने खुर्चीतूनच मान तिरकी करून बघितलं. “बाही. उभ्या. धाग्यावर. नाही.” बाहीचा साचा कापडाच्या उभ्या विणीला सरळ आहे का ते त्याने पट्टी लावून मोजलं. नव्हतीच. त्याने साचा फिरवला. ती म्हणाली, “अजून.” त्याने अजून फिरवला. पलीकडे मशीनवरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, ओळखीचं हसू.

मग ती टेबलाची कड धरून उभी राहिली. साच्यापर्यंत दोन पावलं होती. दुसऱ्या पावलाला गुडघे गेले आणि ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मालक पुढे झाले, तिने हात वर केला तो त्यांच्या चष्म्याला लागला. मी भिंतीशी स्टुलावर होतो. स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसून राहिलो. ती उठली. आधी गुडघ्यावर, मग टेबलाचा पाय धरून, मग कड. मध्ये दोनदा पुन्हा बसली. मी जमिनीकडे बघत होतो, कारण बघवत नव्हतं.

उभी राहिल्यावर मला म्हणाली, “तुम्ही. बाहेर. बसा.”

“का?”

“कापणीवाला. घाबरतो. तुमचं. तोंड. बघून.”

बाहेर आलो. पायरीवर बसलो, भिंतीला डोकं टेकलं. आत मशीनं चालू होती, मधेच तिचा तुटक आवाज, मग कात्रीचा. मला करायला काहीच नव्हतं. अडतिसाव्या मशीनचा पट्टा सैल झालाय असं वाटत होतं, पण उठलो नाही. तिथेच डोळा लागला.

जागा झालो तेव्हा पाच वाजून गेले होते. बायका माझ्या बाजूने वाट काढून घरी निघाल्या होत्या. ती दारात उभी होती, एका बाजूला नवीन कापणीवाला, दुसऱ्या बाजूला चौकट धरलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला उठवलं नव्हतं.

मी घाईने उठायला गेलो तर पायाला मुंग्या आलेल्या. पाय लुळा पडला आणि मी परत पायरीवर बसलो.

ती म्हणाली, “सावकाश.” शब्द अख्खा आला, एकही तुकडा न पडता. मग चौकट सोडून हात माझ्याकडे पुढे केला. हात वर गेला, बाजूला गेला, माझ्या कानाला लागला. मी हवेतच तो धरला.